प्रत्येक आईने शाळाच काढायची का?

डिसेंबर उजाडला की दिल्लीत तीन-साडेतीन वर्षांचे मूल असलेल्या घरात दुसरा विषयच नसतो. नर्सरीची ॲडमिशन! कोणत्या शाळेचे फॉर्म निघाले, घरापासून शाळा किती किलोमीटर, थोरला भाऊ त्याच शाळेत असेल तर किती गुण जास्त, हा हिशेब पहाडगंजच्या गल्ल्यांपासून द्वारकेच्या सोसायट्यांपर्यंत सुरू असतो. बाबा शाळांच्या याद्या काढून आणतात, आई शेजारणींकडून आतल्या बातम्या मिळवते, आणि यादीत नाव लागले की पेढे वाटले जातात.

पण याच शहरात अशीही घरे आहेत, जिथे फॉर्म भरून तयार असतो आणि तो द्यावा की नाही या विचारात रात्र जागून काढली जाते. मूल अजून बोलत नसते. किंवा चालताना पाय ओढत असते. किंवा हाक मारली तर मागे वळून पाहत नसते. प्रश्न एकच असतो, शाळेला सांगावे की न सांगावे? सांगितले तर ‘आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही’ हे वाक्य ऐकावे लागण्याची भीती. न सांगितले तर महिन्याभरात बाईंच्या लक्षात येणार, वहीत चिठ्ठी येणार आणि तेच वाक्य समोर उभे राहणार. फक्त तोवर मुलाला त्या वर्गाचा, त्या झोपाळ्याचा लळा लागलेला असेल.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. म्हणजे हा चार-दोन घरांचा प्रश्न नाही. तरीही ज्या घरात असे मूल वाढत असते, त्या घराला वाटते की जगात आपण एकटेच आहोत.

आयांनी उभ्या केलेल्या शाळा

भारतातल्या विशेष शिक्षणाचा इतिहास चाळला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा डोळ्यांत भरते. यातल्या कितीतरी नावाजलेल्या शाळा सरकारने काढलेल्या नाहीत, की कुणा शिक्षणमहर्षीने. त्या आयांनी काढल्या आहेत. आपल्या मुलाला कोणी घेत नाही म्हणून.

मुंबईतली जय वकील शाळा घ्या. १९४४ साली, देश अजून स्वतंत्रही झालेला नव्हता तेव्हा, वकील दांपत्याने आपल्या राहत्या घरी तिची सुरुवात केली. त्यांची मुलगी दिना हिला डाऊन सिंड्रोम होता आणि तिच्यासाठी शहरात शाळा नव्हती. आज शिवडीला असलेल्या या शाळेने मुंबईतल्या कितीतरी पिढ्या पाहिल्या.

त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी मुंबईतच मिठू अलूर यांच्यावर तीच वेळ आली. त्यांची मुलगी मालिनी हिचा जन्म १९६६ चा. तिला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हातापायांवर आणि बोलण्यावर ताबा नाही, पण बुद्धी तल्लख. इंग्लंडमध्ये मालिनीला शाळा मिळाली, उपचार मिळाले. भारतात परतल्यावर पाहतात तो काय, इथे तसे काहीच नाही! मग १९७२ मध्ये ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ उभी राहिली आणि पाठोपाठ मुंबईत शाळा सुरू झाली. जिच्यासाठी ही सारी धडपड झाली, त्या मालिनी चिब यांनी पुढे उच्च शिक्षण घेतले आणि २०१० मध्ये ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन लिहिले. एका बोटाने टाइप करून! या कामाची शाखा दिल्लीतही रुजली. १९७८ मध्ये सुरू झालेली ही संस्था हौज खासला आहे आणि आज ती ‘आदी’ या नावाने ओळखली जाते.

दिल्लीतच १९८४ मध्ये श्यामा चोना यांनी ‘तमन्ना’ ही संस्था स्थापन केली. तमन्ना हे त्यांच्या मुलीचे नाव. तिलाही सेरेब्रल पाल्सी होती. श्यामा चोना पुढे अनेक वर्षे आर. के. पुरमच्या दिल्ली पब्लिक स्कूलच्या प्राचार्या होत्या. ज्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्धी दिल्ली धडपडते, त्या शाळेचा कारभार पाहणाऱ्या बाईंनासुद्धा स्वतःच्या मुलीसारख्या मुलांसाठी वेगळी संस्था उभारावी लागली, यातच सारे आले.

आणि मेरी बरुआ. त्यांचा मुलगा नीरज ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न. १९८० च्या दशकात हा शब्द आपल्याकडे बहुतेक डॉक्टरांनाही परका होता. मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था सुरू केली आणि १९९४ मध्ये ‘ओपन डोअर’ ही शाळा. नावच बोलके आहे. ज्यांना इतर दारे बंद, त्यांच्यासाठी एक उघडे दार. पुढे संस्थेने नुसती मुले शिकवून न थांबता शिक्षक घडवायला घेतले. जसोला विहारमध्ये तिचे राष्ट्रीय ऑटिझम केंद्र उभे राहिले.

दोष कुणाचा?

या आयांना शाळेआधी आणखी एक लढाई लढावी लागली. घरातली. ऑटिझमचे पहिले शास्त्रीय वर्णन अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये केले. त्यानंतर बरीच वर्षे पाश्चात्त्य देशांतही असा समज होता, की आई थंड स्वभावाची असली, तिने माया दिली नाही, की मूल असे होते. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने या समजाला आणखी बळ दिले. पुढच्या संशोधनाने हे सपशेल चुकीचे ठरवले. ऑटिझम हा मेंदूच्या वाढीतला जन्मजात वेगळेपणा आहे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि आईच्या मायेचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पण शास्त्रज्ञांनी टाकून दिलेली कल्पना आपल्या बैठकीच्या खोलीत अजून पाय पसरून बसलेली आहे. ‘तू नोकरी करतेस, म्हणून तो बोलत नाही.’ ‘एकुलता एक ठेवलात ना, मग असे व्हायचेच.’ ‘आमच्या घराण्यात असे कोणी नव्हते हो.’ सासूबाई, जाऊबाई, शेजारच्या काकू, बोलणारे कोणी वाईट नसतात. पण ऐकणारी आई हळूहळू लग्नकार्याला जाणे सोडते, मग हळदीकुंकवाला जाणे सोडते, आणि शेवटी मुलाला घेऊन बाहेर पडणेच सोडते. मुलाला शाळा मिळायच्या आधी त्याच्या आईला आपली माणसे मिळायला हवीत. ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’सारख्या संस्थांनी पालकांना पालकांशी जोडले, ते यासाठीच.

वर्गात नेमके काय बदलते?

विशेष शिक्षण म्हणजे काहीतरी गूढ, महागडे, परदेशी यंत्रांचे प्रकरण, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बघायला गेले तर त्यातल्या पुष्कळ गोष्टी साध्या आहेत. मूल शाळेत बसत नाही म्हणून मूल बदलायचे नाही, आधी शाळेची मांडणी बदलायची, एवढेच त्याचे सूत्र.

स्वमग्न मुलाला ‘आता काय होणार’ हे कळले नाही की ते बिथरते. म्हणून त्याच्या बाकाजवळ चित्रांची पट्टी लावतात. आधी प्रार्थना, मग रंगकाम, मग डबा, मग झोपाळा. एक काम झाले की त्याचे चित्र काढून ठेवायचे. वेळापत्रक कानाला नव्हे, डोळ्यांना सांगायचे! बोलता न येणारे मूल ‘पाणी’चे चित्र बाईंच्या हातात ठेवते आणि आयुष्यात पहिल्यांदा रडल्याशिवाय पाणी मागते.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे अर्धे शिक्षण त्याच्या खुर्चीत असते. पाय अधांतरी लोंबत असतील तर सगळे लक्ष तोल सांभाळण्यात जाते, अक्षर काढणार कसे? पायाखाली पाट, कमरेला पट्टा, टेबल थोडे तिरके आणि पेन्सिलीला कापड गुंडाळून केलेली जाड मूठ. गावातला सुतारसुद्धा हे करून देऊ शकतो.

कमी दिसणाऱ्या मुलाला पहिला बाक, काळ्याभोर फळ्यावर ठळक अक्षरे आणि मोठ्या टाइपातले पुस्तक. कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी बाईंनी फळ्याकडे तोंड करून बोलायचे नाही, कारण त्याचे कान बाईंच्या ओठांवर असतात. पूर्ण बधिर मुलाला तर खुणांची भाषा हवीच. ती हातवाऱ्यांची गंमत नाही, तिला स्वतःचे व्याकरण आहे. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. त्याचा शब्दकोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा होता, तो २०२१ पर्यंत दहा हजारांवर गेला.

आणि ज्या मुलाची बुद्धी चांगली, पण अक्षरे मात्र डोळ्यांसमोर नाचतात, ते? २००७ च्या ‘तारे जमीं पर’ने डिस्लेक्सिया हा शब्द घरोघर पोहोचवला. अशा मुलाला रेतीत बोटाने अक्षर गिरवू दिले, मातीचे अक्षर करू दिले, म्हणजे एकाच वेळी डोळे, कान आणि हात कामाला लावले, की वाचनाची वाट सापडू लागते. शुद्धलेखनाचे गुण कापून ती सापडत नाही.

या सगळ्याला एका कागदावर आणायचे काम विशेष शिक्षक करतो. मुलाला आज काय येते, येत्या तीन-सहा महिन्यांत काय यायला हवे, ते कोण, कसे आणि किती वेळ शिकवणार, असा त्या एका मुलापुरता आराखडा. ‘स्वतःची चप्पल स्वतः घालतो’ हेही त्यात ध्येय असू शकते. ज्या आईने सात वर्षे रोज चप्पल घातली आहे, तिला त्या ध्येयाची किंमत विचारा!

एक रस्ता, एक नाव

दिल्लीत अपंगांच्या उपचारांसाठी आणि प्रशिक्षणासाठी केंद्र सरकारची एक मोठी संस्था आहे. ती ज्या रस्त्यावर आहे, त्याचे नाव विष्णु दिगंबर मार्ग. तिथे रोज येणाऱ्या कितीजणांना हे नाव कोणाचे ते ठाऊक असेल? १८७२ मध्ये कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांच्या चेहऱ्याजवळ लहानपणी फटाका फुटला आणि त्यांची दृष्टी अधू झाली. नेहमीचे शिक्षण अवघड झाले. पण मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे गुरू मिळाले, आणि डोळ्यांनी जे जमले नसते ते कानांनी साधले. १९०१ मध्ये त्याच मुलाने लाहोरला गंधर्व महाविद्यालय काढले.

अशा गोष्टी सांगताना एक धोका असतो. प्रत्येक अपंग मुलाने मोठा कलावंत झालेच पाहिजे, अशी अपेक्षा मागोमाग येते. तसे नाही. पण एका वाटेने जाता आले नाही तर दुसरी वाट दाखवणारा कोणीतरी भेटावा लागतो, एवढे मात्र या गोष्टीतून घ्यावे. सगळ्यांना बाळकृष्णबुवा भेटत नाहीत. म्हणून तर शाळेत शिक्षक नेमावे लागतात.

बसवणे वेगळे, शिकवणे वेगळे

मग मूल विशेष शाळेत घालावे की नेहमीच्या? या प्रश्नावर पालकांत आणि जाणकारांतही दोन तट आहेत आणि दोन्हींकडे तोडीस तोड कारणे आहेत.

विशेष शाळेत मुले थोडी, शिक्षक तयार, घाई नाही. मूल चिडले, ओरडले तर कोणी वळून बघत नाही. पण पंधरा वर्षांनी ते ज्या जगात उतरणार, ते जग असे नसते. बसमध्ये, बाजारात, नोकरीत सगळ्या प्रकारची माणसे भेटणार. त्यांची सवय कधी व्हायची? आणि त्या माणसांना याची सवय कधी व्हायची?

डॉ. उमा तुली यांनी या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले. १९८१ मध्ये पूर्व दिल्लीत त्यांनी ‘अमर ज्योती’ची शाळा सुरू केली, ती झाडाच्या सावलीत, तीसेक मुलांना घेऊन. निम्मी मुले अपंग, निम्मी धडधाकट. एका वर्गात, एका फळ्यासमोर. तेव्हा ‘समावेशक शिक्षण’ हा शब्दही कोणाच्या तोंडी नव्हता. पुढे कडकडडूमाला शाळेची इमारत झाली, आणि २००१ मध्ये उमा तुली देशाच्या अपंग व्यक्तींसाठीच्या मुख्य आयुक्त झाल्या. तिथे कुबड्या घेऊन येणाऱ्या मुलाचे दप्तर उचलणाऱ्या मुलाला ‘दया कर’ असे सांगावे लागत नाही. त्याला ते शेजारच्या मित्राचे दप्तर असते.

पण दुसरी बाजूही खरी आहे. पन्नास मुलांच्या वर्गात स्वमग्न मुलाला मागच्या बाकावर बसवले, हजेरी लावली आणि कोणी काही शिकवलेच नाही, तर त्याला समावेश म्हणता येत नाही. ते नुसते बसवणे झाले. मूल शाळेत जाते एवढ्यावर आईवडील समाधान मानतात आणि पाच वर्षांनी लक्षात येते की वही कोरीच आहे. म्हणून प्रश्न शाळा कोणती हा नाहीच. तिथे या मुलाला शिकवू शकणारे माणूस आहे का, हा आहे.

न्यायालयाचे दार

हाच प्रश्न दिल्लीत न्यायालयापर्यंत गेला. ‘सोशल ज्युरिस्ट’ या वकिलांच्या संस्थेने जनहित याचिका दाखल केली, आणि सप्टेंबर २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शाळांमध्ये प्रत्येकी किमान दोन विशेष शिक्षक नेमण्याचा आदेश दिला. २०१२ मध्ये खासगी मान्यताप्राप्त शाळांनाही विशेष शिक्षक नेमा आणि इमारती अडथळ्यांविना करा, असे बजावण्यात आले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी प्रमाण घालून दिले. विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे प्राथमिक शाळेत एक विशेष शिक्षक आणि त्यावरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा आठवण करून द्यावी लागली, की अशी पदे मंजूर करून जाहीर करा आणि ती भरा. म्हणजे न्यायालयाने सांगितले आणि दुसऱ्या दिवशी बाई वर्गात हजर झाल्या, असे होत नाही. मुलाची शाळेची वर्षे मात्र कोणासाठी थांबत नाहीत. २००९ मध्ये पहिलीत असलेले मूल २०२१ पर्यंत शाळेबाहेरही पडले असेल.

कायदेही एकापाठोपाठ एक आले. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा झाला, पण त्यात ऑटिझमचे नाव नव्हते. पालकसंस्थांनी पाठपुरावा केला आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अक्षमतेचे प्रकार २१ झाले. त्यात ऑटिझम आहे, आणि डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमताही आहेत. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमता असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला आहे. सरकारी किंवा सरकारमान्य शाळेला ‘आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही’ असे म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. तेव्हा हे वाक्य कानावर आले तर मान खाली घालून परतायचे नाही. ‘हे लेखी द्या’ म्हणायचे. पुष्कळदा एवढ्यानेच सूर बदलतो.

घरात मराठी, शाळेत हिंदी-इंग्रजी

दिल्लीतल्या मराठी घरांपुढे आणखी एक पेच असतो. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, शाळेत इंग्रजी. मूल उशिरा बोलू लागले की पहिला सल्ला येतो, ‘घरात एकच भाषा बोला, तीही शाळेची.’ मग आईबाबा मोडक्यातोडक्या इंग्रजीत ‘कम हिअर, सिट डाऊन’ सुरू करतात आणि पुण्याहून आलेली आजी गप्प बसते. नातवाशी बोलायची भाषाच तिच्या हातून काढून घेतली जाते.

गेल्या काही वर्षांतल्या संशोधनाचा कौल वेगळा आहे. घरात दोन भाषा ऐकल्यामुळे स्वमग्न किंवा उशिरा बोलणाऱ्या मुलांचे नुकसान होते, असे आढळलेले नाही. जी भाषा आईला सहज येते, जिच्यात ती गाणे म्हणते, रागावते, लाड करते, ती मुलाला सर्वांत जास्त देते. आजीला बोलू द्यावे. ‘चांदोमामा, चांदोमामा’ म्हणत भरवलेला घाससुद्धा स्पीच थेरपीच आहे. शाळेत मात्र भाषांचा भार हलका करून घेता येतो. विशेष गरजा असलेल्या मुलांना सीबीएसईने भाषांच्या बाबतीत सवलत दिलेली आहे, तिची चौकशी जरूर करावी.

घरच्यांनी काय करावे?

शंका आली की थांबू नये. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे बाबाही असेच होते’, हे ऐकत दोन वर्षे निघून जातात, आणि लहान वयातली ती दोन वर्षे फार मोलाची असतात. आधी कानांची तपासणी करावी. कित्येकदा ‘ऐकत नाही’ म्हणून रागे भरलेल्या मुलाला खरोखरच ऐकू येत नसते.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढायला कमीपणा मानू नये. पुष्कळ आईवडिलांना वाटते, हा शिक्का कशाला? पण सवलती आणि हक्क त्या कागदावरच मिळतात. दिल्ली, नोएडा, गुडगाव अशी घरे बदलणाऱ्यांसाठी तर ते फारच गरजेचे, कारण यमुना ओलांडली की राज्य बदलते, शिक्षण खाते बदलते. युनिक आयडी असलेले दिव्यांग कार्ड मात्र देशभर चालते.

परीक्षेचा बाऊ करू नये. दहावी-बारावीला सीबीएसईकडून तीन तासांच्या पेपरला तासभर जास्त वेळ मिळू शकतो, लेखनिक मिळू शकतो. त्याचा अर्ज मात्र शाळेमार्फत वेळेत करावा लागतो. नेहमीची बोर्डाची परीक्षा झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा पर्याय आहे. त्याचे मुख्य कार्यालय नोएडातच आहे. तिथे पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सावकाश सोडवता येतो.

थेरपी म्हणजे फक्त क्लिनिकमधला पाऊण तास नव्हे. मटार सोलणे, पोळीचा गोळा करणे, धुतलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणे, भाजीवाल्याला सुटे पैसे देणे, या सगळ्यांत बोटे, डोळे आणि हिशेब शिकतात. एक काम दहा छोट्या पायऱ्यांत तोडावे आणि एक पायरी जमली की शाबासकी द्यावी.

भावंडांना विसरू नये. ‘तू मोठी आहेस, समजून घे’ हे वाक्य ज्या मुलीने दिवसातून दहा वेळा ऐकले आहे, तिच्या वाट्यालाही आठवड्यातून एक संध्याकाळ आई-बाबा यायला हवेत, फक्त तिच्यासाठी.

आणि बाबांनी? थेरपीच्या खोलीबाहेरच्या बाकांवर बहुतेक आयाच बसलेल्या असतात. बाबांनी फी भरली की संपले असे नाही. मुलाच्या आराखड्यावर चर्चा होते तेव्हा बाबाही खुर्चीत असावेत. शाळाही दोघे आले की अधिक गांभीर्याने ऐकते, हे कडू असले तरी खरे आहे.

आमच्यानंतर काय?

या मुलांच्या पालकांना रात्री जो प्रश्न जागवतो, तो गणिताच्या गुणांचा नसतो. आमच्यानंतर याचे काय, हा असतो. राष्ट्रीय न्यास कायद्यामुळे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या अठरा वर्षांवरील मुलांसाठी कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. पण खरे उत्तर कागदात नाही. आंघोळ, कपडे, रस्ता ओलांडणे, पैसे ओळखणे, ‘नाही’ म्हणता येणे आणि कोणी वाईट वागले तर ते सांगता येणे, हे ज्याला शिकवले गेले, त्याच्या आईची झोप थोडी शांत असते. हेही शिक्षणच. किंबहुना हेच.

जय वकील, मिठू अलूर, श्यामा चोना, मेरी बरुआ, या साऱ्या जणींचे काम मोठे आहे. त्यांनी आपले दुःख चार भिंतींत कोंडून न ठेवता त्याला दार केले आणि शेकडो मुलांना आत घेतले. पण त्यांचे कौतुक करताना एक विसरू नये. शिक्षण, ओळखी, बोलण्याचे धारिष्ट, थोडाफार पैसा, या गोष्टी हाताशी असल्याशिवाय शाळा काढणे शक्य नसते.

संगम विहारातून पहाटे चार घरची धुणीभांडी करायला निघणाऱ्या बाईचे मूलही स्वमग्न असू शकते. तिला ऑटिझम हा शब्द ठाऊक नसेल, कायद्याचे कलम ठाऊक नसेल. ती शाळा काढू शकणार नाही. तिच्यासाठी एकच शाळा आहे, घराजवळची, महापालिकेची. त्या शाळेत एखादे शिकलेले, धीराचे, पगार वेळेवर मिळणारे विशेष शिक्षकाचे माणूस असेल, तरच तिच्या मुलाला शाळा आहे. नाही तर ते दिवसभर बंद खोलीत आईची वाट पाहत बसणार.

काही आयांनी शाळा काढल्या, त्या तेव्हा दुसरा इलाज नव्हता म्हणून. आता कायदा आहे, न्यायालयाचा आदेश आहे, शिकवायचे कसे याचे ज्ञानही आहे. आता तरी आईने फक्त आई असावे. मुलाचे बोट धरून जवळच्या शाळेपर्यंत जावे, आणि तिथे कोणीतरी म्हणावे, ‘या, नाव काय म्हणालात याचे? उद्यापासून पाठवा.’